नरक्याचा वास

कुडाळच्या एमआयडीसीत, काजूच्या कारखान्यामागं
आमची एक खोली आहे पंचवीस अंशांची.
बाहेर टरफलांचा चिकट धूर,
आत सोळा तास पांढरा उजेड
आणि आठ तास रात्र, टायमरवर लावलेली.

मी आधी बाटल्या धुवायचे.
जॅमच्या, लोणच्याच्या, कुणाकुणाच्या घरून आलेल्या.
लेबलं खरवडताना नखांत गोंद राहायचा.
एकदा परुळेकर मॅडम म्हणाल्या, हात थरथरतो का गं तुझा?
म्हटलं, पेडवे साफ करते रोज, शंभर-शंभर.
तेव्हापासून चिमटा माझ्याकडे.

नरक्या.
नाक दाबूनच ठेवलं असणार कुणीतरी हे नाव.
गुरं तोंड लावत नाहीत,
चुलीला कुणी नेत नाही,
म्हणून उभा होता घाटाच्या उतरणीवर,
त्यात औषध आहे हे कळेपर्यंत.

मग रात्रीचे ट्रक.
बाबली राऊळ स्वतःच सांगतो: बुंधा, मूळ, साल,
सगळ्याच्या चिपळ्या करून पोत्यात, किलोवर.
एकच ठेवलंय, म्हणतो.
कित्या?
थंय म्हवाचां पोळां होतां. भियालंय.

दया नव्हे. माश्या.

त्या झाडाचा शेंडा आला ओल्या फडक्यात.
साबण, मग विषाचं पाणी, मग तीनदा साधं,
उकळून निववलेलं.
दिव्यावर पातं लाल केलं, श्वास धरला,
आगरात उभा केला तांदळाएवढा हिरवा ठिपका.
चौथ्या दिवशी त्याच्याभोवती काळं.
मॅडम म्हणाल्या, फिनॉल.
मी म्हटलं, चीक. कापलं की येणारच.
दर दोन दिवसांनी उचलून नव्या बाटलीत,
तापातल्या पोराचं आंथरूण बदलावं तसं.

पहिल्या शंभरातले ब्याण्णव गेले.
काहींना बुरशी, शेवरीच्या कापसासारखी, बघत राहावी अशी.
काहींना काहीच झालं नाही, तरी गेले.
नोंदवहीत त्याला रकाना आहे.

उरलेल्या आठांचे तीस, तिसांचे शंभर,
आता रॅकवर अकराशे.
आणि परवा मॅडम सहज बोलल्या, ही मादी आहे.
म्हणजे अकराशेही मादीच.
फळ धरायला नर कुठून आणायचा?
तो गेला ना ट्रकातून.
तेव्हा रविवारी मी आणि बाबली
कोयता घरी ठेवून कड्याच्या अंगानं फिरतो,
दोन डबे भाकरी आणि एक दुर्बीण,
स्थळ बघायला निघाल्यासारखे.
अजून जमलेलं नाही.

त्याची बायको शेवंती बांबोळीला आहे.
मी भेटायला गेले तेव्हा तो नळीकडं बघत होता,
थेंब मोजत.
ह्यात आसा काय गो तो?
मीही बघितलं. पाण्यासारखंच दिसत होतं.
मला माहीत नव्हतं.
मॅडमना विचारता आलं असतं,
विचारलं नाही.

बाटलीतली पानं मऊ असतात, बिनवासाची,
त्यांना वारा माहीत नसतो.
मुळं फुटली त्यांचं आगर धुतलं,
काथ्याच्या भुशात लावली, वर पिशवी,
पिशवीला रोज एक जास्तीचं भोक.
चाळीसातली सव्वीस टिकली.
तिसऱ्या आठवड्यात एकाला नवं पान आलं,
जाडसर, आपल्या हिमतीचं.

तोडू नये, माहीत आहे.
तोडलं. चुरगळलं.

आली!
तीच ती, डोकं उठवणारी घाण,
साखरेच्या पाण्यावर वाढूनही विसरली नव्हती.
तसाच हात घेऊन गेले बाबलीच्या घरी.
त्यानं तोंड फिरवलं,
मग माझं मनगट धरून परत हुंगलं.
तोच, म्हणाला,
आणि खूप वेळ सोडलं नाही.

दोनदा साबण लावला, एकदा राख.
रात्री जेवताना
धाकटा ताट घेऊन पडवीत जाऊन बसला.